पोचल्याचा फोन

प्रा. कमलाकांत मोहरील यांनी आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत एकाही अंधश्रद्धेला पाऊल टाकू दिलं नव्हतं. अमरावतीच्या एका कॉलेजात त्यांनी हयातभर तर्कशास्त्र शिकवलं, आडवी गेलेली मांजर त्यांनी मुद्दाम पुन्हा आडवी जाऊ दिली, आणि स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळून गेल्यावरच ते बोहल्यावर चढले. (वऱ्हाडाची बस बडनेऱ्याला बंद पडली होती, पण श्रेय तत्त्वाला गेलं.) अशा या घरात पाहुणा निघून गेला की तो ठिकाणावर पोचल्याचं कळेपर्यंत केराला हात लावायचा नाही, असा नियम होता. ही अंधश्रद्धा नव्हती. ही आईची पद्धत होती.

अलीकडे घरी पाहुणे येणंच थांबलं होतं, त्यामुळे ही पद्धत कोणाच्या वाटेत येत नव्हती. ती वाटेत आणली केदारनं. केदार म्हणजे सरांचा मुलगा, राहणार पुणे. सर आणि चारुशीलाबाई वरच्या मजल्यावर राहतात आणि खालचा मजला रिकामा पडलेला असतो, हे त्याला सहन होईना. त्यानं तो पर्यटकांसाठी अ‍ॅपवर टाकला. वर्णनात ‘मेळघाटच्या कुशीत’ असं लिहिलं. मेळघाट तिथून परतवाड्याच्याही पलीकडे. कुशी जरा लांबली होती इतकंच. फोटो मात्र हॉलमधल्या झोपाळ्याचा, म्हणजे जुन्या सागवानी बंगईचा टाकला, आणि पुण्या-मुंबईच्या लोकांना पितळी कड्यांची बंगई दिसली की ते पुढचं काही वाचत नाहीत.

सरांना हे प्रकरण आवडलं. घरात पुन्हा चपलांचे ढीग दिसू लागले. ते सकाळी खाली जाऊन पाहुण्यांजवळ बसत, तुम्ही मूळचे कुठले विचारत, मग त्या गावातला आपला एखादा विद्यार्थी काढत. यावर एका पाहुण्यानं अ‍ॅपवर शेरा लिहिला, ‘यजमान जात नाहीत.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘यजमान पुन्हा येतात.’ तारे घसरले.

मग केदारचा फोन आला. अकोल्याच्या एका क्लासवाल्याला अमरावतीत होस्टेलसाठी जागा हवी होती. तो खालचा मजला कायमचा घ्यायला तयार होता. बंगई काढणार, मधे पार्टिशन घालणार, एकावर एक पलंग टाकणार.

“बाबा, एक शेवटचं सांगतो. आता पुढची नागपूरची जी फॅमिली येऊन राहिली ना, त्यांचा शेरा चांगला आला तर राहू दे. नाहीतर मी क्लासवाल्यांना हो म्हणतो.”

सरांनी फोन ठेवला. खालच्या मजल्यावर त्यांच्या आईचं स्वयंपाकघर होतं. तिथल्या फडताळाच्या दाराला मधल्या फळीपाशी तेलकट बोटांचा एक जुना डाग होता आणि तो रंगवून काढायचा नाही म्हणून त्यांनी दोन रंगाऱ्यांशी भांडण केलं होतं. त्या दाराला सेंद्रिय रसायनाचे तक्ते चिकटलेले त्यांना दिसू लागले.

तर त्या नागपूरच्या मंडळींच्या आधी अकोल्याचे सूर्यभानजी सहकुटुंब मुक्कामाला होते. चिखलदरा पाहून आलेले. सूर्यभानजी, त्यांची बायको, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. मोठी गोड माणसं. नातवंडांनी मुरमुऱ्याचा चिवडा बंगईवर झोके घेत घेत खाल्ला होता, त्यामुळे तो हॉलमध्ये सर्व दिशांना सारखा पसरला होता. सकाळी ते निघाले; नागपूरची मंडळी त्याच दिवशी यायची होती. चारुशीलाबाईंनी वाटेत खायला कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा बांधून दिला. अ‍ॅपच्या नियमात सांबारवडी कुठे बसत नव्हती, पण पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवणं चारुशीलाबाईंच्या नियमात बसत नव्हतं.

“पोचलो का फोन करतो, सर,” सूर्यभानजी गाडीतून म्हणाले.

“नक्की करा,” सर म्हणाले. लोक असं म्हणायचं म्हणून म्हणतात, तसं ते म्हणाले नव्हते.

पाहुण्यांची गाडी वळली आणि खालच्या मजल्याची साफसफाई करणाऱ्या माणिकबाई झाडू घेऊन दारात आल्या. आज त्या जरीच्या लुगड्यात होत्या. भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, आणि तिथे पोचून मुलाकडच्यांना नावं ठेवायला त्या उतावीळ झाल्या होत्या.

“सर, बाजूले व्हा. मले घाई हाय.”

“जरा थांबा माणिकबाई.”

“काहून?”

“सूर्यभानजी अजून पोचले नाहीत.”

“मंग? थे का झाडाले येऊन राहिले?”

आजवर माणिकबाई येईपर्यंत पोचल्याचा फोन आलेला असे, म्हणून सरांनी आज पहिल्यांदाच त्यांना आईची पद्धत समजावून सांगितली. माणिकबाईंनी झाडू काखेत धरून ती पूर्ण ऐकली.

“आमच्या घरी छप्पन सालीच सोडलं हे सारं,” त्या म्हणाल्या. “माह्या आज्यानं दीक्षा घेतली आन् एका दिवसात सोडलं. तुमी एवढे शिकेल, तुमी काहून धरून बसले? आन् तुमीच तं समाजमंदिरात भाषण देलं होतं याच्यावर. मी समोरच बसेल होती.”

“ते सर्वसाधारण तत्त्व होतं,” सर म्हणाले.

“हे बरं हाय. तत्त्व आमाले, आन् कचरा तुमाले.”

असं म्हणून माणिकबाई बंगईवर जाऊन बसल्या आणि झोका घेऊ लागल्या.

पद्धतीचा थोडा इतिहास इथे सांगणं भाग आहे. सरांच्या लहानपणी या घराला पाहुण्यांचा खंड नव्हता. कोणी परीक्षेला येई, कोणी दवाखान्याला, कोणी मुलगी दाखवायला. आणि एक गृहस्थ तर चष्मा करायला म्हणून आले आणि चष्म्याचा नंबर बदलेपर्यंत राहिले. माणूस निघालं की आई फाटकापर्यंत जायची, परत यायची आणि झाडू दाराआड उलटा करून ठेवायची. तिवसा-परतवाड्याचं माणूस असेल तर एसटीच्या वेळेवरून हिशेब होई. लांबचं असेल तर पोस्टकार्डाची वाट. ‘सुखरूप पोचलो, काळजी नसावी’ हे वाचून झालं की आई म्हणायची, “हं, काढा आता केर.” एकदा नाशिकच्या काकांचं कार्ड टपालात गहाळ झालं. घर इतकं तुंबलं की वडिलांनी अखेर तार केली, ‘पोचलात का.’ तेव्हा तारेचा अर्थ घरोघर एकच होता. काकांनी ती उघडलीच नाही. रडत रडत पहिल्या गाडीत बसले आणि काकूंसह अमरावतीला हजर झाले. सगळे जिवंत पाहून त्यांना इतका संताप आला की त्या रागात ते आठवडाभर राहिले. त्यानंतर निघताना मात्र त्यांनी बडनेरा स्टेशनवरूनच ‘सुखरूप पोचलो’ असं कार्ड टाकलं आणि मग गाडीत बसले.

पण सरांना आठवे ते काका नव्हे, ती न झाडलेली खोली. आरशाला चिकटलेली टिकली, खिडकीत राहिलेलं एसटीचं तिकीट, सतरंजीवर तिळाचे दाणे, उशीला एखाद्या मामीच्या डोक्याच्या तेलाचा वास. लहानगा कमलाकांत त्या खोलीत जाऊन उगाच बसायचा. झाडू फिरला की पाहुणा गेला. तोवर तो फक्त दिसत नव्हता. पुढे आईलाच नागपूरच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हाही घर तसंच ठेवलं होतं. पोचल्याचं कळवायचं ते तिनं काही कळवलं नाही. शेवटी शेजारच्या बायकांनी येऊन केर काढला, आणि सर तेवढा वेळ मागच्या अंगणात नळ दुरुस्त करत होते. नळाला काही झालेलं नव्हतं.

एवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांनी तो झडप घालून घेतला. सूर्यभानजी नव्हते. नागपूरच्या पाहुण्या रागिणीताई होत्या.

“सर, आम्ही तिवसा मागे टाकलं! रस्ता एकदम छान आहे!”

सरांनी त्या रस्त्यासाठी एके काळी वर्तमानपत्रात पत्रं लिहिली होती. त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला.

सूर्यभानजींचा फोन बंद होता. मग अ‍ॅपनं विचारलं, ‘घर तयार आहे का?’ खाली दोन बटणं होती: ‘हो’ आणि ‘हो, लवकरच’. सरांना हवं ते तिसरं बटण तिथे नव्हतं, म्हणून त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकल्यावर एक मुलगी आली.

“सर, आपले पाहुणे चेक-आउट झाले का?”

“झाले. पण पोचले नाहीत.”

“कुठे, सर?”

“त्यांच्या घरी.”

“ते आमच्या सेवेत येत नाही, सर.”

“म्हणजे माणूस आमच्या घरून निघाला की तुमची जबाबदारी संपली?”

“हो, सर. आणखी काही मदत करू?”

आता शेजारचे ओमप्रकाशजी कुंपणावरून डोकावले. यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि प्रत्येक अडचणीत त्यांना कोणती ना कोणती मशीन दिसत असे.

“सर, टेन्शन नका घेऊ. तुमच्या मातोश्रींनी कायची मनाई केली? झाडूची ना?”

“झाडूची.”

“मंग झाडूले हातच नका लावू! आपल्यापाशी व्हॅक्यूम क्लीनर हे.”

सरांच्या डोळ्यांत तर्कशास्त्राची जुनी चमक आली. नियम झाडूला लागू होता. व्हॅक्यूम क्लीनर झाडू नव्हता. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरला नियम लागू नव्हता. यापेक्षा निर्दोष अनुमान त्यांनी वर्गातसुद्धा काढलं नव्हतं.

“अहो, नका ते यंत्र आणू,” चारुशीलाबाई म्हणाल्या. “मी आताच पलंगांवर चादरी घातल्या आहेत.” चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या, हॉटेलात असतात तशाच पाहिजेत, असा केदारचा हट्ट होता. चारुशीलाबाईंना त्या घालताना दर वेळी अपशकुन झाल्यासारखं वाटे, पण अपशकुन मानायचा नाही असं नवऱ्यानं लग्नानंतर लगेच सांगून ठेवलं होतं.

यंत्र आलं. ओमप्रकाशजींनी ते दिवाळीत वापरलं होतं, दुकानासमोरची लक्ष्मीपूजनाची रांगोळी साफ करायला. ती अजून त्याच्या पोटातच होती. यंत्राला नळी लावायची दोन भोकं होती: एक ओढायचं, एक फुंकायचं. ओमप्रकाशजींनी आत्मविश्वासानं एक निवडलं आणि बटण दाबलं.

आधी गुलाबी आली. मग हिरवी. नळी सापासारखी वळवळत हॉलमधून बेडरूमकडे वळली आणि चादरींवर जाऊन स्थिरावली. मुरमुरे वर उडाले, रंगात न्हाले आणि घरभर नव्यानं खाली बसले. सर यंत्राच्या दिशेनं धावले तो रंग त्यांच्या तोंडावरच आला. बटण सापडेपर्यंत घरात जवळजवळ रंगपंचमी झाली होती. माणिकबाई फक्त तेवढ्यापुरत्या बंगईवरून उठून बाहेर गेल्या होत्या. त्यांच्या लुगड्यावर कणही नव्हता.

“याच्यापक्षा झाडलं असतं तं पाप कमी लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “मी चालली बाप्पा. तुमचे सूर्यभानजी पोचले का मले सांगजा.” आणि त्या साक्षगंधाला निघून गेल्या.

ओमप्रकाशजी यंत्राकडे बघत होते. “कंपनीनं बाण उलटा काढला हे,” ते म्हणाले. मग प्रायश्चित्त म्हणून त्यांनी अकोल्याच्या आपल्या साडूला फोन केला. साडू स्कूटरनं सूर्यभानजींच्या पत्त्यावर जाऊन आले आणि त्यांनी कळवलं, “घराले कुलूप हे. शेजारी म्हनतात अजून आले नाई.”

इथपर्यंत प्रकरण केराचं होतं. आता ते तसं राहिलं नाही. सकाळी निघालेली गाडी, आत दोन लेकरं, फोन बंद, घराला कुलूप. सर व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मुर्तिजापूरच्या पुढे ट्रकांची किती रहदारी असते, हे ओमप्रकाशजींनी सविस्तर सांगितलं. सरांनी त्यांना पहिल्यांदाच ‘घरी जा’ म्हटलं.

“मी उगाच अडून बसलो नव्हतो बरं का,” सर बायकोला म्हणाले.

“तुम्हाला कोण काय म्हणून राहिलं?” चारुशीलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदरानं त्यांच्या भुवईवरचा हिरवा रंग पुसला. तो पसरला.

याच वेळी फाटकाशी गाडी थांबली. रागिणीताई, त्यांचे यजमान नागसेन आणि एक लहान मुलगी उतरली. मुलीनं गुलाबी केसांच्या, हिरव्या भुवयांच्या गृहस्थांकडे पाहिलं आणि आईचा हात धरला.

“होम-स्टे हेच ना?” नागसेननी विचारलं.

सरांनी नमस्कार केला. मग, इतर काही सुचेना म्हणून, खरं तेच सांगितलं. सूर्यभानजी, आई, पोस्टकार्ड, यंत्र, कुलूप, सगळं. नागसेननी खिडकीतून आत पाहिलं.

“म्हणजे ते पोचेपर्यंत आम्ही बाहेर?”

“तत्त्वतः, हो.”

“सर, मी नागपूरहून गाडी चालवत आलोय. मला फक्त आडवं व्हायचंय. आणि तुम्ही मला कोण कुठल्या माणसासाठी...”

“तुम्ही गेल्यावर तुमच्यासाठीही थांबेन,” सर म्हणाले. हे ते मोठेपणानं म्हणाले नाहीत. जरा रडवेले होऊनच म्हणाले. रागिणीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, खांद्यावरची बॅग व्हरांड्यात टेकवली आणि म्हणाल्या, “आधी चहा मिळेल का?”

चहा मिळाला. मग चहाबरोबर पोहे आले, पोह्यांमागून सकाळच्या उरलेल्या सांबारवड्या आल्या. व्हरांड्यात सतरंजी पसरली गेली. मुलगी सतरंजीवर झोपली. नागसेन भिंतीला टेकून बसले आणि सरांनी न विचारताच स्वतः कुठले ते सांगू लागले. ते मूळचे तिवस्याचे निघाले. तिवस्याला सरांचा विद्यार्थी होताच. फाटकाशी चपला होत्या, आत केर होता आणि कोणी तरी पोचायचं राहिलं होतं. काळजीतही सरांना घर फार दिवसांनी ओळखीचं वाटलं.

फोन वाजला तो चारुशीलाबाईंचा. सूर्यभानजींच्या पत्नी होत्या.

“ताई, वड्या लयच खास झाल्या होत्या बरं! त्या पहिल्यांदा उकडता का सिध्ध्याच तळता?”

चारुशीलाबाई “आधी वाफवायच्या” इतकंच म्हणू शकल्या. सरांनी फोन ओढून घेतला.

“पोचलात का?”

“कुठी जी?”

“घरी! अकोल्याला!”

“नाई बाप्पा. आमी अंजनगावले हावो, माह्या बहिनीकडे. म्हटलं सहज भेटून जाऊ, तं थे जाऊच देऊन नाई राहिली. स्वयंपाकाले लागली. ह्यायचा फोन पोट्ट्यायनं खेळून खेळून बंद पाडला. आता उद्याच निघनं होते.”

“म्हणजे मुक्काम तिथेच?”

“हाव, मुक्कामच.” मग त्यांनी विचारलं, “काहून जी? आमचं काई राह्यलं का तथी?”

सरांनी दारातून आत पाहिलं. बंगईखाली गुलाबी मुरमुरे होते, आरशाला कोणा नातीची टिकली होती.

“नाही, नाही,” सर म्हणाले. “काही राहिलं नाही. सावकाश जा.”

फोन ठेवताना त्यांना आईचा शब्द आठवला. आई ‘घर’ म्हणत नसे, ‘ठिकाण’ म्हणत असे. जिथे हातपाय धुतले, ताट मांडलं गेलं आणि उद्याच निघा असं कोणी दटावलं, ते ठिकाण. अंजनगाव सुर्जी पुरेसं होतं. सरांनी दाराआडचा झाडू घेतला. त्यांना झाडता येत नाही हे सगळ्यांना लगेच कळलं. रागिणीताईंनी दुसरा झाडू हुडकला, नागसेननी चादरी झटकल्या, आणि त्या चादरींच्या जागी चारुशीलाबाईंनी कपाटातल्या जुन्या फुलाफुलांच्या चादरी घातल्या. सर कोपऱ्यापासून सुरुवात करून फार हळूहळू केर काढत होते, एखाद्याला निरोप देताना फाटकापर्यंत सावकाश चालतात तसे.

नागपूरची मंडळी दोन दिवस राहून गेली. जाताना नागसेननी वाकून नमस्कार केला, रागिणीताईंनी वड्यांची कृती लिहून घेतली. सरांची आता खात्रीच होती. अ‍ॅपवर शेरा आला. ‘माणसं प्रेमळ. घर आम्हालाच झाडावं लागलं. दोन तारे.’

“बाबा, झालं,” केदारचा फोन आला. “मी क्लासवाल्यांना हो म्हटलं.”

सर “बरं” म्हणाले. त्या रात्री ते खाली जाऊन बंगईवर बसून होते. चारुशीलाबाई दोनदा बोलवायला आल्या आणि दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्याही बसल्या.

पुढल्या आठवड्यात क्लासचा माणूस अकोल्याहून टेप घेऊन आला. त्यानं सगळ्या खोल्या मोजल्या, बंगईच्या कड्या हलवून पाहिल्या, मागचं अंगण पाहिलं, आणि संध्याकाळी नकार कळवला. पोरं चाळीस होती आणि खालच्या मजल्यावर संडास एकच होता.